साहेब म्हणाले, "बसा"

मंगळवार, संध्याकाळ

आज कंपनीने आमच्या युनियनला मान्यता दिली! सात महिने रोह्याच्या कारखान्याच्या गेटबाहेर संपावर बसलो आणि आज मॅनेजरसाहेब स्वतः म्हणाले, "बसा, सुलभाताई." पॅकिंगमध्ये अकरा वर्षं काढली, पण त्या केबिनमध्ये मला कधी कोणी खुर्ची दिली नव्हती. मग मी लगेच का नाही बसले? घाबरले? नाय, रागच असेल. म्हटलं, "माझ्याबरोबर आलेल्या, दाराबाहेर उभ्या असलेल्या चौघींनाही खुर्च्या द्या." शेवटी शिपायाने आणल्या. पगाराची बोलणी यापुढे युनियनशीच होणार, तसं लिहून सही झाली. बाहेर येताच गेटवर थांबलेली आमची रेहाना ओरडली, "काय गो, झालं?" मी नुसता सहीचा कागद वर धरला. इतके दिवस आम्हाला हाकलणाऱ्या वॉचमननेच मोठं गेट सताड उघडलं.