चार काठ्या आणि ओली फरशी

शुक्रवार, ९ जानेवारी

आज सकाळचं, क्रमाने:
१. रात्रभर पाऊस. बुसैतीनच्या किनाऱ्यावरची फरशी ओली, कडेला शेवाळ.
२. मी आणि खालच्या मजल्यावरच्या फिलोमिना आँटी चालायला गेलो. प्रत्येकीकडे चालण्याच्या दोन काठ्या.
३. समोरून ऑफिसातले देशमुख सर आणि त्यांची बायको.
४. मी माझ्या दोन्ही काठ्या आँटींच्या हातात दिल्या. "जरा धरा."
५. चारही काठ्या कवटाळून आँटी चालल्या. टेकवायला एकही मोकळी नाही. घसरल्या.
६. उजवं मनगट मोडलं.

क्र. ४ नंतर घातला. आधी पाचच लिहिले होते.

शनिवार, १० जाने.

कारण लिहून ठेवते. ऑगस्टमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन, पुण्यात. फिजिओने काठ्या घेऊन चालायला सांगितलं, गुडघ्यावरचा भार कमी होतो म्हणून. इथे आखातात परतल्यावर सित्राच्या ऑफिसात मात्र मी सांगितलं, गुडघा ठणठणीत. पुढच्या महिन्यात तेलाच्या टाकीच्या छतावरची तपासणी आहे, तिथे माझं नाव आहे. ते नाव लावणारे देशमुख सर.

म्हणून "जरा धरा".

काल आँटी पडल्यावर सर धावत आले. आँटी फरशीवर, चेहरा पांढराफटक. सर म्हणाले, "चार? अहो, एका बाईला चार काठ्या कशाला?"
आँटी म्हणाल्या, "दोन स्पेअर, सर. गाडीला स्टेपनी नसते काय?"
सगळे हसले. मीही.
हॉस्पिटलात सरांनीच गाडीने नेलं. मी मागच्या सीटवर. काठ्या डिकीत, चारही एकत्र.

सोमवार, १२ जाने.

इथल्या मराठी मंडळाच्या बायकांचा ग्रुप. "काठ्यांमुळेच पडल्या बिचाऱ्या." "या वयात फॅडं कशाला?" "मी तर माझ्या माळ्यावर टाकल्या." कोणीतरी हसरे चेहरे टाकून लिहिलं, "चार पायांची आँटी."

काठ्यांत दोष नव्हता. रबरी टोप्या नव्या होत्या, उंची मी स्वतः लावून दिली होती. साइटवर असं काही झालं असतं तर दुपारपर्यंत मूळ कारण लिहून मी सही केली असती.

सगळे मेसेज वाचले. उत्तर दिलं नाही.

बुधवार, १४ जाने.

डबा घेऊन खाली गेले. आँटी हॉटेलच्या लाँड्रीत सुपरवायझर. सध्या रजेवर, हात गळ्यात. वसईहून मुलाचा फोन चालू होता, स्पीकरवर. "मम्मी, खलास आता. कम होम." आँटी त्याला नुसतं "बघू, बघू" म्हणत होत्या.

फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "साखर वाढली गो. डॉक्टर बोलतो चाल. कशी चालू? बाथरूमच्या लादीची पण भीती वाटते आता."
मी विचारलं, "सरांना खोटं का सांगितलंत?"
"तुझं तोंड बघितलं. पडले मी, आणि घाबरलेली तू."
डब्याचं झाकण डाव्या हाताने उघडायला बघत होत्या. मी पुढे झाले, त्यांनी डबा बाजूला घेतला.
"काठ्या दिल्यास त्याचं काय नाय, बाय. तू हसलीस."

वर आले. चपला घालूनच बसून राहिले.

गुरुवार, १५ जाने.

सरांच्या केबिनमध्ये गेले. सांगितलं, चारातल्या दोन माझ्या होत्या. गुडघ्याचंही सांगितलं.
सरांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे त्या बाई तिथे पडल्या पडल्या तुला सांभाळून घेत होत्या?"
हो.
"केतकी, उद्या टाकीवर तुझा पाय घसरला असता तर तुझ्या आईला फोन कोणी करायचा? मीच ना?"
मेडिकल होईपर्यंत टेबलावरचं काम. छतावर दुसरा जाईल. बाहेर पडताना म्हणाले, "त्यांना सांगितलंस का, की मला सांगितलंस?"

ग्रुपवरही लिहिलं: दोन काठ्या माझ्या होत्या, मीच त्यांच्या हातात दिल्या. एक अंगठा आला. थोड्या वेळाने कोणीतरी संक्रांतीच्या वड्यांचा फोटो टाकला.

हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

शनिवार, १७ जाने.

काल आणि आज आँटींची बेल वाजवली. आतून टीव्हीचा आवाज, दार नाही. फोनही घेत नाहीत. बरोबर आहे. मी असते तर मीही...

वारा वाढलाय. समुद्राकडून वाळू.

रविवार, १८ जाने.

शेवटी मेसेज लिहिला. तीनदा खोडला, मग पाठवला. इथे तसाच उतरवते.

"आँटी, मी सरांना आणि ग्रुपवर खरं सांगितलं. ते तुम्हाला विचारून करायला हवं होतं, तेही चुकलं. मी हसले, त्याला कारण नाही. देतही नाही.
डॉक्टरांनी हो म्हटलं तर येत्या शुक्रवारी चालूया. बुदैयाला शेतांकडचा मातीचा रस्ता, सपाट, फरशी नाही. मी आधी जाऊन बघून येईन. ओलं असलं किंवा वारा असला तर जायचं नाही. एक काठी, तुमच्या डाव्या हातात. मातीवर रबरी टोपी काढायची, लोखंडी टोक रुततं. पट्टा मनगटात अडकवायचा नाही, तोल गेला तर काठी सोडून देता आली पाहिजे. तुम्ही ठरवाल तेवढंच चालायचं. दमलात की मागे फिरू.
माझ्याबरोबर यायचं नसेल तर तसं सांगा. वसईला जायचं ठरलं असेल तर तेही.
कृपया बुधवारपर्यंत कळवा."