कोपर कुठे टेकवायचं

दि. १२ जानेवारी, सोमवार

प्रिय दादास,

नमस्कार. तू बरा असशील. आईचा गुडघा थंडीने कुरकुरतो, पण खालच्या बाईंशी गप्पा मारायला जिना उतरायचं तिने सोडलेलं नाही. बाबा वर्तमानपत्र मोठ्याने वाचतात आणि मध्येच मला विचारतात, "पदवीधर बाई, याचा अर्थ काय?" अर्थ सांगितला की वाद घालतात.

नेमबाजीच्या रेंजवरची माझी नोकरी पक्की झाली. नव्या तुकडीत शाळकरी मुली जास्त आहेत. सुरुवातीला सगळ्याजणी एअर रायफल अशी आवळून धरतात, जणू कुणी हिसकावून नेणार आहे. मग माझं भाषण सुरू होतं. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवा, मूठ रायफलच्या खाली. वजन हाडांवरून पायांत जाऊ द्या, दंड सैल ठेवा. डोळे मिटा, श्वास सोडा, डोळे उघडा. नेम बाजूला गेला असेल तर हाताने ढकलू नका, पाय सरकवा. तुलाही हे ऐकवलं होतं. तू म्हणाला होतास, "एवढ्या वेळात पाखरू घरी जाऊन जेवेल."

कालच्या सामन्यात आपल्या धाकट्या ठकीची शिबिरासाठी निवड झाली नाही. बाबांनी फोनवर सांगितलंच असेल. सुरुवातीला ती पुढे होती. मग नळी हलायला लागली आणि छर्रे डावीकडे जात राहिले. बाबा म्हणतात, लग्न झाल्यावर लक्ष राहत नाही. तसं नाही, दादा. तिची पकड बदलली होती. ती मीच बदलून दिली होती.

आता सगळं सांगते.

गेल्या महिन्यात सरावाला तिचं कोपर कमरेला लागेचना. हवेत धरून उभी राहायची. मी मुलींसमोर ओरडले, "अगं, सगळं शिकवलेलं विसरलीस का?" आणि मागून जाऊन तिचं कोपर दाबून हाडावर बसवलं. नेहमी करते तसं. नेमबाजीचं ते जाड जॅकेट अंगात असूनही ती कळ येऊन खाली बसली. रायफल मात्र तिने सोडली नाही, मांडीवर नीट आडवी घेतली.

कपडे बदलायच्या खोलीत मी तिचा सदरा वर केला. डाव्या बाजूला, बरगडीपासून कमरेपर्यंत, काळंनिळं. काही जुनं, पिवळं पडलेलं.

"बघितलंस ना?" ती म्हणाली. "आता मला दुसरी पकड शिकव."

मी पोलिसांचं बोलले, कायद्याचं बोलले, आपल्या घरी चल म्हणाले. ती बुटाची नाडी बांधत म्हणाली, "झालं तुझं व्याख्यान? बाबा मला दोन दिवस ठेवून घेतील आणि तिसऱ्या दिवशी स्वतः पोचवायला येतील. त्यांचे जावई हिरा आहेत. आणि दादाला कळवलंस तर तो आधी त्यालाच फोन करणार, काय रे, हे खरं का? मग मला इथे कोण येऊ देईल?"

निवड झाली असती तर शिबिर होतं. दूर, वसतिगृहात राहून, सगळा उन्हाळा. तिला तेवढंच दार दिसत होतं आणि मलाही दुसरं सुचलं नाही. मी तिला डावा हात पुढे नेऊन, कोपर शरीरापासून लांब ठेवून धरायला शिकवलं. त्यात सगळं वजन दंडावर येतं. थोडा वेळ छान चालतं, नंतर हात थरथरतो. मला हे ठाऊक होतं. एवढी शिकले, तर बहिणीला माराची जागा चुकवून उभं कसं राहायचं ते शिकवलं.

काल सामना संपल्यावर तुझा मित्र, बाबांचा हिरा, तिला न्यायला आला. सगळ्यांना चहा पाजला, माझ्या विद्यार्थिनींनाही. त्यांना तो फार आवडला. मग माझ्याजवळ येऊन आदबीने म्हणाला, "ताई, नक्की चुकलं काय हिचं?"

आणि मी उत्तर दिलं, दादा. त्याच्या तोंडावर बोलायचं ते सगळं मनात तयार होतं, पण तोंडातून निघालं, "कोपर टेकत नव्हतं."

"असं होय," तो म्हणाला. "बघतो मी घरी."

ठकीने माझ्याकडे पाहिलं नाही. जॅकेटची घडी करत राहिली.

तू स्थळ आणलंस म्हणून तुला बोल लावत नाहीये. आम्हा सगळ्यांनाच तो आवडला होता, मला सर्वात जास्त. पण हे वाचून त्याला फोन करू नकोस. आईबाबांनाही नको. तू गाडीत बस आणि ये. आल्यावर काय करायचं, मला माहीत नाही. तुलाही कळणार नाही कदाचित. दोघं मिळून तिच्या दारात उभं राहू, यापलीकडे मला काही सुचत नाही.

काल घरी आल्या आल्या मी तिला फोन केला होता. त्यानेच उचलला. "झोपली हो ताई, दमली फार," म्हणाला.

बाहेर अजून ऊन होतं.

तुझी, दाराकडे कान लावून बसलेली,
मधली