पिवळा बाक

चिरंजीव,

तुझ्या खोलीचं दार बंद होतं, म्हणून फ्रिजवर चिठ्ठी लावून जातेय. भाजी आत आहे. गरम करून, नीट बसून खा; उभ्या उभ्या पातेल्यातून नको. दाराजवळची सुक्या पानांची पिशवी म्हणजे कचरा नव्हे. पानगळ सुरू झालीय, उद्या वर्गात पोरं त्यांचे पक्षी-मासे चिकटवणार आहेत. फेकलीस तर गाठ माझ्याशी आहे!

काल उशीर का झाला ते तू विचारलं नाहीस, तरी सांगते. शाळेच्या अंगणात झाडाखाली एक पिवळा बाक आहे. ज्याला खेळायला कोणी नाही त्यानं तिथं बसायचं आणि ज्याला तो दिसेल त्यानं जाऊन विचारायचं, हा नियम माझाच. काल पानं वेचून झाल्यावर मी जरा टेकले, तर दुसरीतली एक चिमुरडी धावत आली.

"बाई, तुमच्याशी कोणी बोलत नाही का?"

म्हटलं, "तसं नाही गं, पाय दुखतायत."

"मग दुसरीकडे बसा की. हा बाक त्यासाठी नाहीये!"

आणि तरी बसली माझ्याशेजारी, तिची आई न्यायला येईपर्यंत. ती गेल्यावरही मला उठवेना.

आज वेळेवर येईन. बाबा गेल्यापासून गॅलरीतल्या त्यांच्या खुर्चीत कोणी बसलेलं नाही. संध्याकाळी मी बसणार आहे. शेजारी स्टूल ठेवलंय.

पाय अजिबात दुखत नाहीयेत माझे.

आई