कापलेल्या शाली

९ जानेवारी

किळस आली. याला दुसरा शब्द लिहिणार नाही.

परभणीत नाटकाचे, नाचाचे कपडे भाड्याने देणारं दुकान आहे असं कळलं म्हणून मंजुषा आणि प्रियांकाला घेऊन गेले. दुकान कसलं, बोळ. शिवलेल्या नऊवारी, पायजम्यासारख्या पाय घालून चढवायच्या. टिकल्या निम्म्या गळलेल्या. काखेत घामाचे पिवळे नकाशे, त्यावर अत्तर फवारलेलं — म्हणजे वास दुप्पट! प्रियांका ढोलकी वाजवते. तिने एक झंपर अंगात घालून हात नुसता थाप मारल्यासारखा उचलला तर शिवण टर्रकन उसवली. दुकानदार शांतपणे म्हणतो, "मॅडम, ह्यात वाजवत न्हाईत. ह्यात नाचतेत."

हे ऐकायला बोरीपासून एसटीत उभ्याने गेलो होतो.

सगळं भगवानरावामुळे. गाण्याच्या महोत्सवाचा तो संयोजक. आमच्या बोरीच्या गाणाऱ्या चौघींना परभणीच्या मोठ्या स्टेजवर पहिल्यांदा वेळ मिळालाय, दोन फेब्रुवारीला. आजवर सप्ताहात गायल्या, हळदीकुंकवाला गायल्या, शाळेच्या पटांगणात गायल्या. कुणी कपड्यांचं विचारलं नाही. हा म्हणतो, "आवाज चांगलाय बायांचा, पण ताई, पब्लिक आधी बघतं, मग ऐकतं. जरा चकाचक पाहिजे. न्हाई तर मी वेळ दुसऱ्याला देतो."

पुरुष गवई इस्त्रीचा झब्बा घालून बसला की कलावंत. बाई बसली की — जरा चकाचक पाहिजे.

१० जानेवारी

मोबाइलवरून नमुन्याला मागवलेला कुर्ता आला. चित्रात रेशीम, हातात मच्छरदाणी. परत पाठवला.

१२ जानेवारी

सराव माझ्याच घरी. मंजुषा गाते, उत्तरा पेटी, प्रियांका ढोलकी, बायनाबाई टाळ आणि मागचा सूर. मी मध्येच थांबवून माझी सूचना मांडली — पांढऱ्या हातमागाच्या साड्या, चौघींना सारख्या. स्वस्त, स्वच्छ, स्वाभिमानी. जगातले मोठे गाणारे कसे साधे राहिले, ते सांगितलं. साधेपणा हे दिखाव्याला दिलेलं उत्तर असतं, असं म्हणाले. वाक्य चांगलं जमलं होतं.

बायनाबाई म्हणाली, "ताई, आमी चौघी पांढऱ्यात बसलो की लोकं इचारतील, कोन गेलं म्हनून."

उत्तरा इतकी हसली की भात्यावरचा हात सुटला. मंजुषा मात्र हसली नाही. म्हणाली, "आमाला बी एकदा नटून बसू वाटतंय ताई. नटनं म्हंजे नाचनं न्हाई ना."

असल्या वाक्यावर एरवी व्याख्यानात मी टाळ्या घेतल्या असत्या.

१५ जानेवारी

सोनपेठला व्याख्यान. विषय — दिखाव्याचा रोग. बोलण्याआधी शाल, श्रीफळ. संयोजकाने शाल माझ्या खांद्यावर टाकली तेव्हा तो कॅमेऱ्याकडे बघत होता. मीही तिकडेच बघितलं. मग उभी राहून तासभर दिखाव्यावर तुटून पडले, खांद्यावर दुकानाचं लेबल तसंच लटकत होतं. बसमध्ये बसल्यावर दिसलं.

घरी येऊन शाल ठेवायला कपाट उघडलं तर वरचा ढीग अंगावर कोसळला. पाथरीची, जिंतूरची, मानवतची, कुठली कुठली. एकीला टाचणीने चिठ्ठी लावलेली — भलत्याच कुणा डॉक्टरांचं नाव. म्हणजे आधी त्यांना घातली, त्यांनी कुणाला दिली, फिरत फिरत माझ्याकडे! सगळ्या त्याच चार दुकानांतल्या. लोकर नाही, काही नाही. जरीचा काठ तेवढा डोळे दिपवणारा.

त्या ढिगात बसूनच राहिले. तपकिरी, हिरवी, जांभळी, मोरपंखी. सोनेरी काठ.

चकाचक पाहिजे ना भगवानराव? घ्या.

१७ जानेवारी

शालींचा ढीग चौघींपुढे ओतला. बिनबाह्यांची जाकिटं शिवायची, साडी आपापली साधी. बायनाबाईने एक शाल नाकाला लावली. "डांबरगोळीचा वास लय यायलाय. पहिल्या रांगेतली मानसं उठून जातील." पण तिनेच आधी जांभळी उचलली आणि नंतर हातातून खाली ठेवली नाही. मंजुषाने मोरपंखी घेतली. आरशासमोर गळ्याशी धरून उभी राहिली. एरवी ती आरशासमोर थांबत नाही. दारातून जाता जाता केस सारखे करते आणि कामाला लागते.

हिच्यासाठी हे व्हायलाच पाहिजे. नुसतं गाऊन यायचं नाही. नटून, मान वर करून गायचं.

१९ जानेवारी

बजरंग टेलरने कापल्या. प्रियांकाची बटणं बाजूला घ्यायला सांगितली, पुढे असली की ढोलकीला घासतात. खर्च फक्त शिलाईचा. कात्री पहिल्या काठातून गेली तेव्हा बजरंग थांबला. "ताई, नक्की ना? सत्काराची हाय."

म्हटलं, काप.

फार बरं वाटलं. इतक्या वर्षांचा ढोंगीपणा एका कात्रीने सरळ केला. पुढच्या व्याख्यानात हा दृष्टान्त घेणार आहे.

२२ जानेवारी

मंजुषा सरावाला आली नाही. तिने निरोप पाठवला — "मामा नको म्हनायलेत." मामा म्हणजे तिचे सासरे, चंद्रभान.

वाटलंच होतं! इतकं सगळं करायचं आणि शेवटी घरातला एक पुरुष उठून 'नको' म्हणणार. तशीच गेले. चंद्रभान ओट्यावर तुरी निवडत होते. "बसा ताई. च्या घ्या."

चहा नको म्हटलं.

"त्या शाली तुमी कापल्या म्हनं."

"कापल्या."

"कापायच्या नव्हत्या."

तेवढ्यावर मी सुटले. बाईच्या गळ्याला कुलूप घालणाऱ्या घरांबद्दल बोलले. स्टेज ही कुणाच्या बापाची जहागीर नाही, म्हणाले. मागे भिंतीवर त्यांची स्वतःची शाल खिळ्याला टांगलेली, प्लॅस्टिकच्या पिशवीत. सप्ताहात आयुष्यभर गळ्यात वीणा घेऊन उभे राहिले म्हणून गावाने घातलेली. तिच्याकडे बोट दाखवून म्हटलं, स्वतःचा मान भिंतीला टांगता आणि सुनेचा दाराआड कोंडता? शेजारच्या भिंतींवरून चार डोकी वर आली होती. मंजुषा चुलीपाशी उभी होती, खाली बघत.

चंद्रभान म्हणाले, "तुमी लय शिकलेल्या. मी काय बोलू." आणि उठून गोठ्याकडे गेले.

पळपुटेपणा. किळस येते या गप्प बसण्याची. घरी येईपर्यंत एकच विचार — छान बोलले.

२५ जानेवारी

मंजुषा आजही नाही. उत्तराने तिच्या जागी गाऊन पाहिलं. पेटी सुटते.

२८ जानेवारी

बायनाबाई सराव संपल्यावर मुद्दाम मागे राहिली. तोंडातली सुपारी बाहेर थुंकून आली आणि म्हणाली, "ताई, राग धरू नका. चंद्रभान गान्याला कधी न्हाई म्हनला?"

म्हटलं, मग कशाला?

"त्यानंच तिला सूर धरायला शिकवलं. लगीन होऊन आली तवा ती तोंड बी उघडत नव्हती. त्याचं दुखनं येगळं हाय. कुनी कुनाच्या अंगावर मानानं घातलेली शाल, तिला कात्री लावली. अन् ते तुकडे आपल्या सुनेनं घालायचे, हे त्याला सोसंना."

"हे त्यांनी मला सांगायचं होतं."

"तुमी इचारलं कुठं? तुमी भाषान केलं."

गेली ती. बराच वेळ स्वतःवरच थुंकावंसं वाटत राहिलं.

पण मान? माझ्या कपाटातल्या त्या चिंध्यांत? लेबलासकट फेकलेल्या, डॉक्टरांकडून फिरून आलेल्या? हे त्यांना जाऊन सांगावं म्हणून चप्पल घातली आणि उंबऱ्यातच थांबले. त्यांच्याकडे एकच आहे. माझ्याकडच्या शाली कसल्या होत्या, हे सांगायचं म्हणजे त्यांच्या एकीवरही थुंकल्यासारखंच. आणि न सांगावं, तर मंजुषा घरी.

भाषणाला वाक्य सुचतं. यासाठी एकही सुचलं नाही. चप्पल काढली.

३१ जानेवारी

भगवानरावाचा फोन. कुणीतरी त्याच्या कानावर घातलंय. "मेन बाईच येनार न्हाई तर कार्यक्रम कसला ताई? परवा दुपारी चारपर्यंत दिसली तर ठीक, न्हाई तर दुसरी पार्टी तयार हाय."

दुसरी पार्टी म्हणजे टिकल्यांच्या कपड्यांतली, हे त्याने सांगायची गरज नव्हती.

संध्याकाळी चंद्रभानच्या घरावरून दोनदा गेले. ओटा रिकामा. हाक मारली नाही. जिभेवर जगणारी बाई मी!

२ फेब्रुवारी

परभणी. स्टेजमागचा तंबू. तिघी जाकिटं घालून तयार, मोरपंखी जाकीट खुर्चीच्या पाठीला. भगवानराव मनगटावरचं घड्याळ मला दाखवून गेला.

मंजुषा आली. तिच्या मागे, तंबूच्या तोंडाशी, चंद्रभान — आत न येता उभे. मंजुषाच्या खांद्यावर शाल होती. भिंतीवरची. घड्यांच्या रेघा अजून तशाच.

"मामानं घातली," ती म्हणाली. "दारात उभं केलं, दोन्ही हातानं घातली. म्हनले, लोकांच्या मानाचे तुकडे नको घालू. ही अख्खी हाय."

मी म्हटलं, गाताना घसरेल. माझ्या पदराची पिन काढून तिला लावली. चौघी स्टेजवर गेल्या.

कपाट भरून शाली घेतल्या मी. माझ्याकडे बघत घातलेली एकही आठवली नाही.