मेंढवाड्यावरचे टिनपत्रे

औरंगाबाद, ऑगस्ट १९७८

आबा, तुमच्या नि मायच्या पायांवर डोकं ठेवून केरबा लिहितो.

मी बरा आहे. विद्यापीठाच्या नामांतरावरून शहरात संचारबंदी होती, ती उठली. जेवण वेळेवर मिळतं, मायला सांगा.

प्राध्यापकांसोबत काम चालू आहे. कोणत्या घरात किती दगड, लाकूड, लोखंड आहे ते मोजायचं, नि आधी ते कुठं होतं ते विचारायचं. शहागंजात पाडलेल्या माडीचे वासे आम्हाला चिकलठाण्यात कामगारांच्या खोल्यांवर सापडले.

परवा आपल्या सिल्लोडकडच्या एका जाळलेल्या बौद्धवाड्यात मोजणी केली. लाकूड सगळं गेलं होतं. टिनपत्रे जळत नाहीत, तरी तिथं एकही नव्हता.

तुम्ही लिहिलं, बद्रीनाथ पाटलांनी टिनपत्रे दिले नि मेंढवाड्यावर छप्पर झालं. त्या पत्र्यांवरचं जस्त उडून ते लाल पडलेत का, ते बघा. चुलीच्या धुरानं जस्त उडत नाय, घर पेटल्यावर उडतं.

तसं असलं तर गाडी जुंपा नि बौद्धवाड्यात ज्यांचे त्यांना देऊन या. पाटलांना मी लिहीन.

मायचा खोकला कसा आहे?

कोकरं भिजतील, मला ठाऊक आहे. तिथं लेकरं भिजतायत.

तुमचा,
केरबा