किलोच्या वहीत ‘तक्रार नाही’

४ फेब्रुवारी १९८६, मंगळवार. संध्याकाळी ६.
१. सकाळी ७.१० ला ‘किलो’ने धावपट्टी सोडली. (कंपनीची दोन विमानं, किलो आणि लिमा.)
२. ७.१२ ला इंजिन बंद.
३. ७.१३ ला किलो मालाडच्या खाडीत.
४. कॅप्टन विद्याधर गेला. एकटाच होता. वय एकतीस.
५. त्याआधीचं किलोचं उड्डाण सोमवारी मी केलं होतं. विमानाच्या वहीत लिहिलं : तक्रार नाही.
पाचवा मुद्दा फक्त नोंद पूर्ण व्हावी म्हणून.

५ फेब्रुवारी.
रडले नाही. झोप सहा तास चाळीस मिनिटं. कॅन्टीनमध्ये आमचा दुसरा पायलट जयवंत म्हणाला, विद्याधरसारखा पायलट होणे नाही. सगळ्यांनी मान डोलावली. चीफ पायलटसाहेब म्हणाले, मशीन मात्र एकदम फिट. लिमा त्याच कारखान्यातलं, त्याच वर्षाचं.
निश्चय : उद्या लिमा मी उडवणार. भीती मोजता येत नाही, म्हणून धरायची नाही.

६ फेब्रुवारी.
उडवलं नाही. सर्दी. सर्दीत कान दडतात, उडायचं नाही असा नियमच आहे. जयवंतची कंबर धरली. चीफसाहेबांना फायली. मेकॅनिक सहदेव म्हणाला, साहेब लोकांचे कान, कंबर सगळं ग्राउंड झालंय, एकटं विमानच काय ते फिट.
उद्धट आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार.
विद्याधरची घसरण. बुधवारी : त्याच्यासारखा होणे नाही. शुक्रवारी : जरा घाईचा होता, यार. आज : अरे, तो धड चेकच करायचा नाही! तेवढ्याच वेगाने लिमाची अब्रू वर. चूक त्याची ठरली की विमान चांगलं, आणि विमान चांगलं म्हणजे आपण वाचलो. मला हे स्वच्छ दिसतं. म्हणजेच मी त्यात नाही.
हातात पुरावा नसताना बोलू नये.
सर्दी आहेच. लिमा उद्या.

११ फेब्रुवारी.
लिमा नाही. वारा. (आठ नॉट. मर्यादा पंधरा. पण दिशा आवडली नाही.)
३ तारखेचे, किलोचे आकडे एकदा लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जातील. इंजिनाला ठिणगी देणारे मॅग्नेटो दोन. उडण्याआधी एकेक बंद करून बघायचं. इंजिनाचे मिनिटाचे फेरे जास्तीत जास्त सव्वाशेने पडले तर चालतं. माझे दीडशेने पडले. पुन्हा बघितलं, एकशे तीस. पुन्हा, सव्वाशे. तिसरा आकडा धरला. उडाले, उतरले. म्हणजे आकडा बरोबर होता.
विमानाच्या वहीत का लिहायचं? मागे एकदा लिहिलं होतं, तर जयवंत सगळ्यांसमोर म्हणाला, अगं, मिक्सर नाही ते, इंजिन आहे, आवाज करणारच. दोन महिने मला मिक्सर म्हणत होते.
शिवाय विद्याधरने सकाळी तपासलं असेलच. नसेल तर चूक त्याची.
हे वाक्य जयवंतचं. माझ्या डायरीत कसं आलं?

१६ फेब्रुवारी, रविवार.
वेसाव्याला विद्याधरच्या घरी तेरावं. जयवंत त्याच्या आईला, मथुराबाईंना, सांगत होता, तुमचा मुलगा म्हणजे हिरा. कंबर चांगली वाकत होती.
मथुराबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, आमच्यात होडी किनाऱ्याला लावणारा पुढच्याला सांगतो, कुठून पाणी येतं. तुमच्यात सांगत नाहीत का गं? मी म्हटलं, त्यासाठी वही असते. त्यांनी विचारलं, मग तू काय लिहिलंस?
मी म्हटलं, बस चुकेल.
पाऊण तास स्टॉपवर उभी होते. चार बस गेल्या.

१७ फेब्रुवारी, सोमवार.
लिमा उडवलं नाही. फक्त हे उतरवून पाठवलं, रजिस्टर पोस्टाने :

मा. चौकशी अधिकारी,
३ फेब्रुवारीला उड्डाणाआधी तपासताना किलोचे फेरे दीडशेने, मग एकशे तीसने, मग सव्वाशेने पडले. वहीत मी ‘तक्रार नाही’ लिहिलं. ते खोटं होतं. अपघात त्यामुळेच झाला का, मला माहीत नाही. कॅप्टन विद्याधर यांना ते माहीत असायला हवं होतं. लिमाचे मॅग्नेटो तपासल्याशिवाय ते कोणाला देऊ नये. मला सर्दी झालेली नाही.
जबाब द्यायला कधी येऊ, ते शुक्रवार, २१ फेब्रुवारीपर्यंत कळवावे.