सासूबाईंनी कुंपण खाल्लं

आदरणीय यूस्नीताईस,

बोगोरहून तुझ्या धाकट्या आफ्रिझालचे अनेक सलाम. भावजींचा गुडघा कसा आहे? तेल अजून तूच चोळतेस की ते स्वतः चोळायला लागले? इकडे आम्ही सगळे ठणठणीत आहोत, आणि का आहोत हे सांगायलाच हे पत्र आहे. तू विचारलं होतंस की मी एवढा बारीक कसा झालो, घरात काही बिनसलंय का. (माझा फोटो तुला कुणी दाखवला ते मला ठाऊक आहे, पण नाव घेत नाही.) बिनसलेलं काही नाही. एनूंगची आई आमच्याकडे आली आहे.

तुला सांगायला नको, आपल्या पडांगकडच्या माणसांत भाजी म्हणजे मटणाच्या रश्शात चुकून पडलेलं पान. मागे मला घेरी आली तेव्हा डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि विचारलं, रोज भाजी किती खाता? मी म्हटलं, भरपूर, लाल मिरचीशिवाय आमचा एक घास उतरत नाही. आणि फळं? म्हटलं, नारळ आहे की, रोज दोन वेळा. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ डोळे चोळत बसले. मग रोज पाला आणि फळं खायची अशी सक्त ताकीद देऊन मला घरी पाठवलं. एनूंगने ते फारच मनावर घेतलं. तिचे वडील गेल्यापासून सासूबाई गारुतच्या डोंगरात एकट्या राहतात, त्यांनी कायमचं आमच्याकडे यावं म्हणून ती आधीपासूनच जीव टाकत होती. आता तिला निमित्त मिळालं. सासूबाईंनी निरोप पाठवला, "जिथं भाजी पिशवीतून येते तिथं मी नांदायची नाही. आधी बघते, तुमच्याकडे खायला काही आहे का!" आणि कपड्यांचं एक गाठोडं आणि एक दगडी खल एवढं सामान घेऊन त्या बसमधून उतरल्या.

पहिल्याच दुपारी एनूंगने भात आणि तळलेली मासळी वाढली. सासूबाईंनी सुकट घालून मिरचीचा ठेचा वाटला आणि उठून बाहेर गेल्या. मला वाटलं, हात धुवायला गेल्या असतील. परत आल्या तेव्हा त्यांच्या कवेत आमचं कुंपण होतं. ताई, एवढा पाला मी फक्त बकरी ईदच्या आदल्या दिवशी पाहिला आहे, आणि तोही बकऱ्यापुढे. ही एनूंगकडची सुंदा माणसं ठेच्याबरोबर कच्ची पानं खातात हे मला ऐकून माहीत होतं, एनूंगही चार पानं खायची, पण ती माझ्या धाकाने चारांवर थांबायची असं आता लक्षात येतं. सासूबाई एकेक शेंडा ठेच्यात बुडवायच्या आणि चावायच्या, करकर करकर, सत्तरीच्या पुढचे स्वतःचे दात! मग हिरवी कच्ची वांगी आपण पेरू खातो तशी खाल्ली. मग खरेच पेरू खाल्ले. मग अर्धी पपई. आणि ढेकर न देता म्हणाल्या, "आज प्रवासाने भूकच नाही." मी घास हातात धरून नुसता बघत राहिलो. समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हाही मी इतका थक्क झालो नव्हतो. त्यांनी माझ्या ताटाकडे पाहिलं आणि एनूंगला विचारलं, "हे एवढंच खातात? मग चालतात कसे?"

आठवडाभरात आमच्या कुंपणाच्या काड्या झाल्या आणि सासूबाई फाटकाबाहेर पडल्या. आता आमच्या गल्लीची गोष्ट ऐक. शेजारचे हार्दीमानसाहेब (मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेत, घरातही इस्त्रीची पँट घालतात) गल्लीचे प्रमुख आहेत. हिरव्या गल्लीच्या स्पर्धेसाठी त्यांनी वर्गणी काढून दोन्ही बाजूंनी शोभेची झाडं लावून घेतली होती. पण ती लावणारा माळी पडला इथलाच, सुंदा. त्याने फुलं म्हणून केनिकिर लावलं, कुंपण म्हणून बेलुन्तास लावलं, दोन्हींची पानं ही माणसं ठेच्याबरोबर कच्ची खातात, म्हणजे एकूण सगळा दुपारच्या जेवणाचा बेत जमिनीत रोवून ठेवला. सासूबाई रोज सकाळी त्या गल्लीतून अशा चालायच्या की वाटावं, बाजार त्यांच्यासाठीच भरला आहे. मी मागून प्रत्येक फाटकाशी माफी मागत जायचो. पहिल्या आठवड्यात मी मनातल्या मनात त्यांचं परतीचं तिकीट काढत होतो, खोटं कशाला सांगू! पण ताई, रोज त्यांच्यासमोर बसून माझाही हात ढिगाकडे जायला लागला. सकाळी उठल्यावर डोकं हलकं वाटायला लागलं, जिना चढताना मध्ये थांबायचं राहिलं. त्या बाईकडे बघून मला भीती वाटायची आणि त्या दिसल्या नाहीत की चुकल्यासारखंही वाटायचं.

तेवढ्यात एका संध्याकाळी हार्दीमानसाहेब आमच्या दारात उभे. "हे प्रदर्शन आहे, पंगत नव्हे! उद्या परीक्षक यायचेत. सासूबाईंचा हात आवरा." सासूबाई आतून ऐकत होत्या. त्यांनी उठून खल धुतला, फडक्यात बांधला आणि गाठोड्याशेजारी ठेवला. रात्री एनूंगला एवढंच म्हणाल्या, "पान तोडायला जिथं विचारावं लागतं, तिथं म्हातारीने कसं राहायचं गं?" एनूंग चुलीकडे तोंड करून रडली.

दुसऱ्या दिवशी दुपारची बस होती. जावयाला शेवटचं एकदा धड जेवू घालते म्हणून सासूबाईंनी बांधलेला खल सोडला आणि पडवीत ठेचा वाटायला बसल्या. नेमके तेव्हाच परीक्षक गल्लीत शिरले. त्यांच्या प्रमुख बाई सुमेदांगच्या, म्हणजे सुंदाच, अंगाने भरभक्कम. त्या हार्दीमानसाहेबांशी स्वच्छतेचे गुण, टापटिपीचे गुण असं काही बोलत होत्या, आणि वास आला. बोलणं चालूच राहिलं, पण त्यांचा हात आपोआप कुंपणाकडे गेला, शेंडा खुडला, आणि बाई थेट आमच्या पडवीत.

"अंबू," म्हणजे त्यांच्याकडे आई, "जरासा बुडवू का?"

"बुडवतेस काय, बस की! भात आहे."

मग दुसरे परीक्षक बसले, गाडीचा ड्रायव्हर बसला, समोरच्या घरातून भाताचं पातेलं आलं, कुणी मासळी आणली, आणि सगळी गल्ली दोन्ही बाजूंनी खुडत खुडत आमच्या पडवीत आली. हार्दीमानसाहेब डोक्याला हात लावून फिरत होते. "अहो बाई, गुण द्यायचेत!" बाई म्हणाल्या, "देते हो, आधी तोंड रिकामं होऊ दे." तेवढ्यात ड्रायव्हर केनिकिरच्या एका झुडपाशी वाकला आणि साहेब ओरडले, "ती नको, जून आहेत ती! माझ्या फाटकामागची घे, कोवळी लागतात." सगळ्यांचं चावणं थांबलं. साहेबांच्या लक्षात आलं आणि ते कानापर्यंत लाल झाले. सासूबाई जरा सरकल्या आणि चटईवर जागा केली. साहेब इस्त्रीच्या पँटसकट मांडी घालून बसले.

फोटो काढायला गल्लीत काही उरलं नाही. बक्षीस पलीकडच्या गल्लीला गेलं, तिथली झाडं प्लास्टिकची आहेत. आणि जेवणाच्या नादात बसही गेली. सासूबाईंनी त्या उघड्या काड्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "एवढं मोडलंय, आता सगळीकडे कोवळं फुटेल. ते खाणार कोण, तुम्ही? तुम्हाला चार पानं चावायला दुपार लागते." आणि खल उचलून स्वयंपाकघरात, चुलीच्या उजव्या हाताला ठेवला. तो कुणी हलवू नये म्हणून एनूंगने आता पोरांनाही दम दिला आहे.

भावजींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
आफ्रिझाल

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. सासूबाईंनी परवा विचारलं, तुमच्या माणसांकडे काही उगवतं का? मी छाती पुढे काढून सांगितलं की पायाकुंबुहला माझ्या ताईच्या अंगणात पानांखाली माती दिसत नाही. त्या ईदला बघायला येणार आहेत. तू गेल्या वर्षी हौसेने सगळ्या अंगणाला काँक्रीट करून घेतलंस, ते तेवढं फोडून घे आणि कसाव्याच्या काड्या खोच. भावजींना मी समजावतो.

ता. ता. क. एवढं वाचून तुला वाटेल, मला पाला आवडायला लागला. छे! कडू लागतो, अजून डोळे मिटून गिळतो. पण लग्न झाल्यापासून ही बाई माझ्याशी बोलताना मला काही म्हणून हाकच मारत नव्हती, जे सांगायचं ते एनूंगकडून. आता माझं ताट रिकामं दिसलं की स्वतःच्या ढिगातलं सगळ्यांत कोवळं पान काढून ते त्यात ठेवतात आणि म्हणतात, "खा रे बाळा." ते पान मी खाली कसं ठेवू? काँक्रीट फोड, ताई.